सीमध्ये काही नाही

“—जुनं ऑफिस आता चालायचंच नाही म्हणतायत वकील. एक तारखेपासून सगळं नव्यातच पाहिजे, नाहीतर बाबांचं काम—” एवढंच. दादा, देवाशपथ सांगते, एवढंच ऐकलं मी. पुढं कुकरची शिट्टी झाली. माझाच कुकर, माझीच तुरीची डाळ, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नाही. नीरजा, या घरातली मुलगी, तिच्या गॅलरीत फोनवर बोलत होती आणि मी माझ्या गॅलरीत टॉवेल काढत होते — मधे कमरेएवढी भिंत — कान काय काढून ठेवायचे का माणसानं? गॅस बंद करून परत येईस्तोवर ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आता तुम्हीच सांगा, ‘नाहीतर बाबांचं काम’ याच्या पुढं काय असतं? ‘बंद.’ दुसरं काय असणार? तुम्ही असता तर काय धरलं असतंत? — तेच ना. बसा, बसा. त्या खुर्चीवर नको, ती काकांची. या स्टुलावर बसा. मशीन मी चालू करून ठेवलंय. सकाळी दुकानात फोन केला तर ती मुलगी म्हणाली, संध्याकाळपर्यंत माणूस येईल, आणि तुम्ही अकरालाच दारात — देवासारखे आलात बघा. ते काय काढलंत खिशातून, पेन ड्राइव्ह? ठेवा तिथं. आधी ऐकून घ्या, मग हात लावा. डॉक्टरलासुद्धा आधी सांगावं लागतं कुठं दुखतंय ते. जरा हळू बोलूया, काका आत झोपलेत. झोपलेत म्हणजे — पडलेत. काल दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. ताक दिलं, घेतलं नाही. चहा घेणार ना तुम्ही? ठेवलाय मी.

तर काका म्हणजे गोपाळकृष्ण खांबेटे. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास तीस वर्षं टायपिंग केलं त्यांनी, आधी टाइपरायटरवर, मग या डब्यावर. खरेदीखत, साठेखत, हक्कसोडपत्र — निम्म्या पुण्याच्या जमिनी या माणसाच्या बोटांखालून गेल्यात, आणि स्वतःचं काय, तर कर्वेनगरातल्या या दोन खोल्या. जयसिंग वकील माहितीयत का? खराडीचे. घरची शेती होती, तिथं कंपन्या आल्या, मग जमिनी विकता विकता इतके दस्त झाले म्हणतात, की घरातल्याच एकाला वकील करणं स्वस्त पडलं. त्यांचं सगळं मराठी टायपिंग काकांकडे. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही त्यांना, कारण काकांची चूक निघत नाही. गट नंबर चुकत नाही, हिस्सा चुकत नाही, कुणाची सावत्र आई राहून जात नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी हा अटॅक आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि वाचा — वाचा पूर्ण गेली. डोकं शाबूत. तुम्ही काय बोलता ते सगळं कळतं, जास्तच कळतं, पण तोंडातून ‘बा… बा…’ याच्या पलीकडे काही येत नाही. आलं की स्वतःच तोंड मिटून घेतात. अब्रूदार माणूस. नीरजा एकटी, आई लहानपणीच गेलेली, हिची नोकरी खराडीला, सकाळी साडेसातला कंपनीची बस, घरी यायला साडेआठ-नऊ. करणार काय ती? तिनं विश्रांतवाडीला एक ठिकाण बघून ठेवलं होतं, पेशंट सांभाळतात तिथं, महिन्याचे महिने. कॉट ठरली होती दादा. खिडकीजवळची. ही बघायला गेलेली पण आठवते मला, कारण किल्ली माझ्याकडे देऊन गेली होती, मी इथंच बसले होते. आणि काका उठले. काठी नाही, काही नाही, भिंत धरत धरत या खुर्चीपर्यंत आले, आणि डाव्या हाताच्या एका बोटानं — कितीतरी वेळ लागला, माझा चहा गार झाला — टाइप केलं, ‘मी पेशंट नाही. मी टायपिस्ट आहे.’ संध्याकाळी तेच नीरजाला दाखवलं. ती कॉट रद्द झाली. म्हणजे — रद्द नाही म्हणायचं. थांबली. तिनं सांगितलं होतं, बाबा, काम चालू आहे तोवर इथं, काम थांबलं की माझं ऐकायचं. कबूल? आणि यांनी मान हलवली.

आता कळतंय का तुम्हाला, ‘नाहीतर बाबांचं काम’ ऐकून मी एवढी का घाबरले ते?

त्यातून दिवस कसले आलेत. तिकडे अमेरिकेत काहीतरी बुडालं आणि आमच्या बिल्डिंगीतली दोन मुलं इथं घरी बसली. तिसऱ्या मजल्यावरचा पियुष, एवढा मोठा पगार, आता दुपारी भाजी आणायला जातो आणि आम्ही बायका जिन्यात दिसलो की मोबाईल कानाला लावतो. तेव्हा ‘काढून टाकणं’ ही गोष्ट काही आता ऐकीव राहिलेली नाही. काल होता, आज नाही, असं चाललंय.

तर डाव्या हाताचं सांगत होते. एका बोटानं दस्त करायचा म्हणजे आठवडा गेला. पहिल्यांदा गेलाच. मग यांनी डोकं चालवलं. मशीनला शिकवायचं — तुम्हाला माहीत असेल, तुमचाच धंदा — की दोन अक्षरं दाबून मोकळी जागा सोडली की आख्खं वाक्य उमटायला पाहिजे. ‘सी एस’ दाबलं की ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील झाड, झाडोरा, दगड, धोंडा, निधी-निक्षेपासह’ असं खळाखळा खाली येत जायचं. मी तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातच जोडले. आणि सगळी अक्षरं डाव्या बाजूची बरं का, उजवीकडे जायचंच नाही. मी नववीपर्यंत शिकलेली बाई, गंगाखेडच्या शाळेत, इंग्रजीत काठावर पास — पण डाव्या बाजूची एबीसीडी मला पाठ आहे. उजव्या बाजूला काय काय असतं ते अजून माहीत नाही. अकराशेच्या वर होती म्हणे अशी अक्षरं. तीन वर्षं एक एक करून शिकवली मशीनला. दुसरा माणूस दोन हातांनी दोन तास लावतो तो दस्त काका चाळीस मिनिटांत करायचे. तीन वर्षांत एक कागद उशिरा गेला नाही जयसिंगरावांचा.

आणि फक्त दस्तांची नाही हो. बोलायची पण. ‘सर’ म्हणजे — म्हणजे एस आणि आर — ‘साखर कमी. कालही सांगितलं होतं.’ बोलत्या तोंडानं माणूस जसं बोलला असता तसंच. मी काही बातमी सांगितली की ‘एक्स’: ‘खरं, की जिन्यातलं?’ आणि एक होतं, ‘हे तुम्ही मागच्या आठवड्यातही सांगितलं होतंत. तेव्हा त्यात दोनच माणसं होती.’ हसता काय? मी पण हसायचे. कुणी बोललेलं लागतं मला, पण काकांचं लागत नव्हतं, कारण ते लागावं म्हणून मुद्दाम बसून आधीच तयार करून ठेवलेलं असायचं, त्यात एक माया असते की नाही? माझ्यासाठी वेळ काढून केलेला टोमणा तो. आणि माझं स्वतःचं एक होतं. डी, डी. मी दारातून आत आले की डी, डी, मोकळी जागा. ‘या दीपमालाताई, बसा. आज काय ऐकलंत?’

रोज अकरा वाजता. मंगळवार, रविवार सोडून.

हे आमचे वैजनाथराव — आमचे मिस्टर — कंपनीनं व्हीआरएस दिली तेव्हापासून घरीच. वाईट माणूस नाही, पण दिवसाला चार शब्द. ‘वाढ’, ‘पुरे’, ‘बंद कर’ आणि ‘कोण होतं?’ चौथं मी दारातून आत आले की. आता तुम्ही म्हणाल, ही बाई एवढं बोलते म्हणून तो बोलत नसेल. असेल तसंही. पण मला कुणी ‘आज काय ऐकलंत’ असं विचारलेलं — आख्ख्या पुण्यात, वीस वर्षांत — नाही, जाऊ दे. चहा घ्या. साखर बरी आहे ना?

तर परवा सोमवारी रात्री कुकर. काल मंगळवार. मंगळवारी काकांना फिजिओथेरपीला न्यायला रिक्षा येते, दहा ते एक ते बाहेर. मी म्हटलं, ही वेळ. त्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याला विचारलं, मशीनमध्ये ते टायपिंगचं नवं ऑफिस टाकून देणारा माणूस मिळेल का? तो म्हणाला, घरगुती वापराचं की कंपनीचं? आता बघा — घरात बसून ऑफिसचं काम, ते ऑफिसमध्येच करायचं, आणि विचारतात घर की ऑफिस! मी म्हटलं, घरातच आहे बाबा, घरचंच दे. त्यानं एक माणूस पाठवला. मला वाटलं, काका येतील तर नवंकोरं मशीन तयार. वकिलाला तोंड उघडायला जागा नको. पेढे आणून ठेवले होते मी. पाव किलो.

नीरजाला का नाही विचारलं? — हो, सगळे हेच विचारणार. फोन करता आला असता. नंबर आहे माझ्याकडे. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘काकू, तुम्ही यात पडू नका.’ मागच्या वर्षीपासून तिचं हे एकच वाक्य आहे माझ्यासाठी. तिच्या लग्नाचं एक बघणं फिसकटलं होतं, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्या तोंडून निघालं. आता लोकांनी विचारल्यावर माणूस खोटं बोलणार का? तिनं किल्ली काढून घेतली माझ्याकडून. आठ दिवस मी या दारासमोरून गेले आणि आले. नवव्या दिवशी ती स्वतः आली किल्ली परत द्यायला, तोंड एवढंसं करून. मागाहून काकांनी मला दाखवलं, तिला काय टाइप करून दिलं होतं ते. ‘किल्ली त्यांच्याकडे असू दे. त्या आल्याशिवाय माझे अकरा वाजत नाहीत.’

म्हणून नाही विचारलं. आणि — आता तुम्ही परके, तुम्हाला सांगायला काय — मला वाटलं, एकदा तरी असं व्हावं की मी ऐकलं म्हणून कुणाचं भलं झालं. आणि विश्रांतवाडी. कर्वेनगरातून विश्रांतवाडी म्हणजे दोन बस, आणि तिथं पोचल्यावर मी कोण? नातेवाईक? भेटायची वेळ चार ते पाच असते म्हणे. अकरा नाही. मी काकांचं काम वाचवायला गेले की माझं अकरा वाजणं वाचवायला गेले, हे मलाच सांगता यायचं नाही.

हं, तर तो माणूस. चांगला होता, त्याचा दोष नाही. त्यानं मशीन उघडलं, फुंकर मारली, म्हणाला, फार जुनं आहे, फार कचरा साठलाय, नवं ऑफिस यावर रडेल. सगळं पुसून पहिल्यापासून टाकून देतो, पळेल. आणि मला विचारलं त्यानं. नाही विचारलं असं नाही. हात कीबोर्डवर ठेवून, वळून विचारलं — ‘काकू, सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?’

आता सी म्हणजे काय, डी म्हणजे काय, हे मला काय कळतं? पण मी रोज बघते. काका सकाळी बसले की डी उघडतात. दस्त डीमध्ये. जयसिंगरावांचं डीमध्ये. नीरजाचे लहानपणचे फोटो स्कॅन केलेत ते डीमध्ये. सी त्यांनी माझ्यासमोर कधी उघडलेलं नाही, तीन वर्षांत एकदासुद्धा. आणि तो माणूस मला असं विचारत होता ना — जसं मी इथलीच आहे, घरातली आहे, मला माहीत असणारच. मी म्हटलं, ‘सीमध्ये काही नाही. सगळं डीत आहे.’ असं ठासून म्हटलं. त्यानं परत विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘अहो रोज बघते मी.’

तासाभरात झालं सगळं. दस्त जिथल्या तिथं, फोटो जिथल्या तिथं. मराठी फॉन्टसुद्धा त्यानं आठवणीनं परत टाकला, एक दस्त उघडून दाखवला, अक्षर न् अक्षर बरोबर. वरती नव्या पट्ट्याच पट्ट्या, रंगीत, छान दिसत होतं. मी म्हटलं, जिंकलं.

काका एकला आले. रिक्षावाल्यानं वरपर्यंत सोडलं. मी या इथं पेढ्यांची ताटली घेऊन उभी. त्यांनी बघितलं, पट्ट्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं — राग नव्हता हो तेव्हा, भुवई वर केली होती, म्हणजे ‘हे काय नवीन’. मी म्हटलं, नवं ऑफिस, काका. आता बघते कोण काम काढून घेतं तुमच्याकडून. ते बसले. डी, डी, मोकळी जागा.

नुसती दोन अक्षरं. पुढं काही नाही.

त्यांना वाटलं, बटण अडकलंय. फुंकर घातली. परत डी, डी. मग सी, एस. मग दुसरं, मग तिसरं. मग भरभर भरभर, एकापुढं एक, जोड्या जोड्या, आख्खी ओळ भरली, दुसरी भरली, काही उमटेना. नुसती चिल्लर. मी म्हटलं, काका, नवीन आहे, जरा वेळ लागेल त्याला. मूर्खासारखी. मग ते थांबले. हात उचलून मांडीवर ठेवला — मेलेला उजवा उचलून ठेवतात ना, तसा हा चांगला हात ठेवला. आणि तोंड उघडलं. ‘बा… बा… बा…’ मिटलं नाही या वेळी. मला काहीतरी सांगत होते आणि मला कळत नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला काकांचं कळलं नाही.

रात्री नीरजा आली, मशीनसमोर उभी राहिली. मला एवढंच विचारलं, ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ मी काय सांगणार? कुकर म्हणून सांगणार? सकाळी बसला जाताना किल्ली मागेल म्हणून मी हातात धरूनच उभी होते. नाही मागितली. म्हणाली, ‘सुट्टी मिळत नाही, बघा जमलं तर.’ दुसरं कोण आहे तिला?

तर दादा, हे असं आहे. आता तुम्ही सांगा. पुसलेलं परत निघतं म्हणतात ना? पेपरात वाचलं मी, पोलीस काढतात म्हणे. बघा तुम्ही, लावा ती तुमची पेन ड्राइव्हची पट्टी, करा काय करायचं ते — काय? असं का बघताय? वरून सगळं भरलं म्हणून? त्याच जागी? अहो पण थोडं तरी — निम्मं? पाव? — नाही. बरं. नाही तर नाही, पण मान अशी हलवू नका लगेच, आमच्या डॉक्टरनं अशीच हलवली होती.

मग दुसरी गोष्ट. यादी. काकांकडे यादी नाही, डाव्या हातानं लिहिता येत नाही त्यांना, सगळी डोक्यात आणि मशीनमध्ये. पण मी रोज बघत होते ना? काल भाकरी करता करता आठवत बसले आणि वहीत उतरवली. ही बघा. बावीस. बावीस आठवली मला नक्की. त्यातली सतरा टोमण्यांची आहेत, ती मला चांगली लक्षात राहिली. दस्तांची पाचच. ही घालता येतील ना परत? आणि डीमध्ये जुने दस्त आहेत, त्यातून एक एक वाक्य उचलून परत शिकवता येईल — येईल ना? येईल म्हणताय. पण कोणतं वाक्य कोणत्या अक्षराला होतं ते… हो. ते त्यांनाच. आणि त्यांना पहिल्यांदा तीन वर्षं लागली, तेव्हा ते पासष्टचे होते आणि ईर्ष्या होती. आता कॉट बघा ना कशी धरून पडलेत.

सारखं काय सांगू बघताय मघापासून? सांगा की. मी काय अडवलंय? पैशांचं असेल तर तुमच्या दुकानाची पावती — काय? दुकान नाही? मग तुम्ही कुठून — जयसिंग वकिलांकडून?

थांबा. थांबा, परत सांगा. मी दुकानात फोन केला होता, ते तुम्ही नव्हे? तुम्ही शनिवारी येणार होतात. कोण म्हणालं? नीरजाशी बोलणं झालं होतं, सोमवारी, फोनवर. आणि आज इकडे वारज्यात काम निघालं म्हणून वाटेत आधीच — शनिवारी कशाला येणार होतात तुम्ही?

ही पट्टी. ही पट्टी त्यासाठी. काकांची अक्षरं आधी यात उतरवून घ्यायला. सगळी. आणि मग नवं टाकून ती परत त्यात सोडायला. येतं असं करता? किती वेळ लागतो? पाच मिनिटं.

पाच मिनिटं.

म्हणजे ‘जुनं चालणार नाही’ ते खरं होतं. एक तारीख पण खरी होती. ते मी बरोबरच ऐकलं होतं बघा. ‘नाहीतर बाबांचं काम’… काय होतं पुढं? ‘तिकडे उघडत नाही.’ वकिलांकडच्या मशीनवर उघडत नाही, एवढंच? आणि म्हणून वकील स्वतःच माणूस पाठवतायत, स्वतःच्या खर्चानं. काम काढून कोण घेतंय, उलट — उलट काय? वाघोलीचे दस्त. वर्षभराचे. काकांशिवाय दुसरं कुणी नको म्हणाले. ते कुकरच्या शिट्टीत गेलं सगळं. एका शिट्टीत. अडीच शिट्ट्या करते मी डाळीला, पहिल्याच शिट्टीत गेलं.

आता वाघोलीचं… एक तारखेला किती दिवस राहिले? नऊ. नऊ दिवसांत एका बोटानं — जयसिंगराव थांबतील का? विचारून सांगता. बरं. म्हणजे थांबणार नाहीत. मला कळतं दादा, ‘विचारून सांगतो’ म्हणजे काय ते, मी पण पुण्यात वीस वर्षं राहतेय. आणि काम थांबलं की नीरजाचं ऐकायचं, असं कबूल झालंय त्यांचं. तुम्ही मात्र तिकडे जाऊन असं सांगू नका, की शेजारची बाई—

अगंबाई. काका!

कधीपासून उभे आहात पडद्याआड? काठी कुठंय? अहो धरा ना त्यांना, तिकडून धरा, उजवीकडून. नको? बरं, हात सोडा, त्यांना आवडत नाही धरलेलं. चाला, सावकाश. ऐकलंत का सगळं? काका, मला काय माहीत, तुमची सगळी अक्षरं सीमध्ये होती ते — मी रोज बघत होते हो, पण तुम्ही सी कधी उघडलंच नाहीत माझ्यासमोर. बसा. पाणी देऊ? — बसले. खुर्चीवर बसले बघा दादा. हात कीबोर्डवर ठेवला. काल दुपारनंतर पहिल्यांदा. बघा, मी म्हणत होते की नाही, हा माणूस उठणार! करा काका, पहिल्यापासून करा, हे दादा आहेत, मी आहे, माझी बावीस आहेत. डी डी पासून सुरू करा हवं तर.

उजवीकडे? काका, तिकडे कुठं हात नेताय, तिकडे तर तुम्ही कधी… एक एक अक्षर शोधून करतायत. थांबा, बोलू नका, मी वाचते. ‘कि’… हं… केवढा वेळ लागतोय हो… ‘कि’, पुढं काय? ‘किती’? किती दिवस, असं विचारतायत का? नाही म्हणतायत. अर्धा ‘ल’. मग पुन्हा ‘ल’—

हं.

हो. आहे ना, कमरेलाच आहे. ही घ्या. इथं कीबोर्डपाशी ठेवते. ठेवली, काका.

दादा, तुम्ही जरा पाच मिनिटं बसता का त्यांच्याजवळ? पोळ्या डब्यात आहेत, आमटी झाकून ठेवलीय, नीरजाला साडेआठ-नऊ होतात. चहा तुमचा निवला, राहू दे तसाच. मी निघते. दार ओढून घ्यावं लागेल, नाहीतर वाऱ्यानं आपटतं. ओढलं की लागतं ते आपोआप, मग बाहेरून—